पान उलटायला लागणारा वेळ

१

बातमी आली त्या मंगळवारी धाकटी कॉम्प्युटरसमोर बसून मटार सोलत होती.

खरं तर तिचं काम मुद्रितशोधनाचं, म्हणजे पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका वेचण्याचं. पण पडद्यावरचं पान चौथ्याचं पाचवं व्हायला इतका वेळ लावत होतं, की रिकाम्या हातांनी बसणं तिच्या जिवावर आलं. आदल्या दिवशी याच वेळात तिने स्वेटरची उसवलेली बाही शिवली होती. त्याच्या आदल्या दिवशी घरातले सगळे चष्मे पुसले होते, नवऱ्याचा पोहण्याचा धरून.

या घरात दोघी जावा होत्या, थोरली आणि धाकटी. थोरलीला जाऊन आठ महिने झाले होते. आता धाकटी कुणापेक्षा धाकटी, हा प्रश्नच होता, पण नाव काही कुणी बदललं नव्हतं. एकवीस वर्षं दोघींनी मागच्या खोलीतल्या या लांब टेबलापाशी शेजारी शेजारी बसून काम केलं. धाकटी उजवीकडे, थोरली डावीकडे. लेखकाची मूळ प्रत हातात धरून मोठ्याने वाचायची ती धाकटीने. छापखान्यातून आलेल्या पानावर नजर ठेवायची ती थोरलीने. थोरलीच्या हातात पेन्सिल असे, उलटी धरलेली. पान बरोबर निघालं की पेन्सिलीचं बोथट टोक एकदा टेबलावर आपटायचं, टक. म्हणजे पुढे चल. चूक सापडली की तीनदा. म्हणजे थांब.

थोरली गेल्यावर धाकटी मनातल्या मनात वाचायला लागली. ऐकायला कुणी नसताना रिकाम्या खोलीत मोठ्याने वाचायची तिला लाज वाटे. त्याचं फळ लगेच मिळालं. विणकामाच्या पुस्तकात एका ओळीचा आकडा तिच्या नजरेतून सुटला आणि गावोगावच्या बायकांनी गुडघ्यापर्यंत बाह्या असलेले स्वेटर विणले. काहींनी फोटो पाठवले. छापखान्याचे मालक तेव्हा नुसते हसले होते. या वेळी नवं काम देताना मात्र हसले नाहीत.

"बाई, हे विणकामाचं नाही. लहान मुलांच्या वॉर्डातल्या नर्सेससाठी आहे. तान्ह्या बाळाला वजनाप्रमाणे किती औषध द्यायचं, त्याची कोष्टकं आहेत. यात बाही लांब झालेली चालायची नाही."

"तुम्हाला भीती वाटत असेल तर दुसऱ्या कुणाला द्या."

"दुसरं कुणी असतं तर दिलं असतं," मालक म्हणाले. "हे नीट झालं तर पुढची सगळी तुम्हालाच. नाही झालं, तर आपण दोघंही घरी बसू."

आता पानं कागदावर यायची बंद झाली होती. मूळ प्रत तेवढी कागदी, बाकी सगळं कॉम्प्युटरवर. म्हणून थोरलीचा जुना कॉम्प्युटर बाहेर निघाला, पुतणीने त्याच्यावर लिनक्स नावाची नवी कोरी सिस्टिम टाकून दिली, आणि तिथेच घोडं अडलं.

दार उघडण्याआधीच पुतणीचा आवाज घरात आला. ही थोरलीची मुलगी. चालणं, बोलणं, जेवणं, सगळं एका दमात, म्हणून घरात तिचं नाव वादळ.

"काकू, बस तू. नाही, ऊठ. नाही, बसच."

"मी बसलेलीच आहे."

"काका कुठेत?"

"गॅलरीत. मुंग्यांना शिस्त लावतायत."

काका, म्हणजे धाकटीचा नवरा, आयुष्यभर पोहायला शिकवून निवृत्त झाला होता. सगळं गाव त्याला कोच म्हणे. निवृत्त झाला तरी गळ्यातली दोन स्टॉपवॉच निघाली नव्हती. तो आत आला तशी वादळ म्हणाली, "मला दिवस गेलेत. काल कळलं. अजून कुणालाच सांगितलेलं नाही. खालच्या सायकलवाल्याला सांगितलं फक्त. आणि जिन्यात एक आजी भेटल्या, त्यांना."

मटारचं भांडं धाकटीच्या मांडीवरून घरंगळलं. दाणे टेबलाखाली, खुर्च्यांखाली, कपाटाखाली पसरले. कोचने एक स्टॉपवॉच चालू केलं.

"काका, ते दहा तासांच्या वर मोजत नाही."

"मग रोज सकाळी नव्याने चालू करीन."

तिघंही गुडघ्यांवर बसून मटार वेचायला लागले आणि हसायला लागले. ही बातमी जिला सगळ्यांत आधी सांगायची, तिची खुर्ची डावीकडे रिकामी होती. तिघांनी एकदा तिकडे पाहिलं आणि लगेच पुन्हा मटारकडे पाहिलं.

२

वादळचा धंदाच कॉम्प्युटर दुरुस्तीचा. मशीन हळू चालतं म्हटल्यावर तिने पर्स खांद्यावरून न काढताच खुर्ची ओढली.

तिला गप्प राहून काम करता येत नसे. पडद्यावर जे दिसेल ते वाचत जायची. "हा प्रोसेसर. चार टक्के. काही करत नाही, नुसता बसलाय, काकांच्या बॅचमधल्या पोरांसारखा. मेमरी, निम्मी रिकामी. डिस्क, जागा ढीगभर. हे तुझं पुस्तक. पान पाच, नवजात बाळाची पहिली तपासणी. पान सहा, अमुक तमुक. काकू, हे तर पळतंय."

खरंच पळत होतं. वादळच्या हाताखाली पानं पत्त्यांसारखी पडत होती.

"मघाशी मी आख्खं भांडं सोललं," धाकटी म्हणाली.

"असेल ना. थांब, हा बघ चोर. नवी सिस्टिम टाकली की हा प्रोग्रॅम गुपचूप सगळ्या जुन्या फायली वाचत बसतो. सूची करतो, शोधायला सोपं जावं म्हणून. यात आईच्या वीस वर्षांच्या फायली आहेत. तो बिचारा वाचून वाचून दमला असेल. करते बंद."

तिने तो बंद केला, उरलेले कच्चे मटार मूठभर तोंडात टाकले आणि निघून गेली. घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं.

धाकटीने सहावं पान मनातल्या मनात वाचलं, प्रतीशी ताडून पाहिलं आणि पुढच्या पानाचं बटण दाबलं. काही झालं नाही. पंख्याची बारीक घरघर चालू होती. खिडकीखालच्या शाळेच्या मैदानावर कुणीतरी कुणाला तरी बाद ठरवत होतं. बऱ्याच वेळाने मशीनमधून बारीकसा आवाज आला, टक, आणि पान उलटलं.

३

पुढच्या चार दिवसांत वादळने फोनवरून आणि येऊन जाऊन जे जे करता येईल ते केलं. पडद्याचं चित्र काढणारा ड्रायव्हर बदलला. मेमरीची पट्टी काढून, पुसून, पुन्हा बसवली. सुरू होताना उगीच जागे होणारे पाच प्रोग्रॅम झोपवले. दर वेळी ती खुर्चीत असेपर्यंत मशीन शहाण्या मुलासारखं वागे आणि ती जिना उतरली की पुन्हा तेच.

"तुला घाबरतं," धाकटी म्हणाली.

"तू त्याचे लाड करतेस."

शेवटी कोचने धाकटीच्या मागे खुर्ची टाकली आणि दुसरं स्टॉपवॉच हातात घेतलं. पाकिटाच्या पाठीवर तो वेळा लिहीत गेला. भरगच्च पान, दोन मिनिटं बेचाळीस सेकंद. अर्धं पान, एक मिनिट एकोणीस. नुसतं प्रकरणाचं नाव असलेलं पान, तीन सेकंद. मध्ये एक पान कोरं सोडलेलं होतं, ते बटण दाबल्याबरोबर गेलं.

कोचने पाकिटावरच्या वेळांवरून एकदा बोट फिरवलं.

"हे दमलेलं नाही," तो म्हणाला. "दमलेला पोहणारा दर फेरीला हळू होतो. हे बघ, दर भरलेलं पान दोन बेचाळीस, दोन एक्केचाळीस, दोन बेचाळीस. याचा दम शाबूत आहे. हे आपल्या चालीने चाललंय."

"मशीनला कसली चाल?"

"मी चाळीस वर्षं हेच बघितलंय. याला काही झालेलं नाही. हे कुणाच्या तरी बरोबरीने पोहतंय."

धाकटीने ते हसण्यावारी नेलं. वादळला तिने फोनवर फक्त टकटकीचं सांगितलं, आणि वादळ खूश झाली.

"डिस्क. मला आधीच विचारायला हवं होतं. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते, वर बारीक सुई सरकते. मरायला टेकली की टकटक करते. उद्या नवी टाकते."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने जुनी डिस्क काढली आणि बिस्किटाएवढी नवी बसवली. धाकटीच्या तळहातावर ठेवून दाखवली आधी. वजन असं नव्हतंच.

"यात फिरणारं, सरकणारं, काही म्हणजे काही नाही. नुसत्या चिपा. ही आवाज करूच शकत नाही."

लिनक्स पुन्हा पहिल्यापासून टाकलं. जुन्या फायली नव्या डिस्कवर आणून ठेवल्या. सगळं होईपर्यंत वादळ बाळासाठी नावं सुचवत होती, कोच एकेक नाव बाद करत होता, आणि शेवटी दोघांचं भांडण होऊन वादळ चार वाजता हसत हसत गेली.

धाकटीने एकोणिसावं पान उघडलं. मनातल्या मनात वाचलं. बटण दाबलं.

पान हललं नाही. तिने पाकीट समोर घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. एक मिनिट. दोन. खाली शाळा सुटली होती, मैदान रिकामं होतं, पंखासुद्धा ऐकू येत नव्हता.

टक.

पान उलटलं. तिने मशीनच्या डब्यावर हात ठेवला. डबा थंड होता.

४

पावणेतीन मिनिटं. हा आकडा तिने एकवीस वर्षं ऐकला होता. किती दिवस लागतील, असं मालकांनी विचारलं की थोरली म्हणायची, भरलेल्या पानाला पावणेतीन मिनिटं धरा, आमची धाकटी त्याहून हळू वाचत नाही आणि मी तिला त्याहून भराभर वाचू देत नाही.

धाकटीने मनाची समजूत घातली. पानं मोठी असली की वेळ जास्त लागतो, लहान असली की कमी. यात आश्चर्य काय? वादळला विचारलं तर ती एका वाक्यात कारण सांगेल. आणि लाकडी टेबल उन्हाने तडकतं. टक व्हायला काय, कशानेही होतं.

मग एकाएकी तिच्या लक्षात आलं, की वादळ समोर बसली की मशीन पळतं ते का. वादळ पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचते.

तिने उठून खोलीचं दार लोटून घेतलं. परत येऊन बसली, घसा खाकरला, आणि आपण काय खुळ्यासारखं करतोय असं वाटत असतानाच प्रत हातात धरून वाचायला सुरुवात केली. आठ महिन्यांनी. दोघींची आपली एक वाचायची पद्धत होती. पूर्णविरामाला टिंब म्हणायचं, स्वल्पविरामाला नुसतं स्वल्प, नव्या परिच्छेदाला उडी.

"जन्मानंतरचे पहिले चोवीस तास टिंब उडी बाळाचे वजन करताना अंगावर कपडा नसावा स्वल्प तराजू आधी कोमट करून घ्यावा टिंब."

आवाज आधी चिरका आला, मग रुळला. पान संपलं. शेवटचं टिंब म्हणून तिने बटणाकडे हात नेला.

टक. हात पोचायच्या आत पान उलटलं होतं.

तिने पुढचं वाचलं. टक. त्याच्या पुढचं. टक. तेविसाव्या पानावर कोष्टक होतं, वजनाचे आकडे आणि समोर औषधाचे. ती आकडे एका सुरात म्हणत गेली आणि पाचव्या ओळीशी आली.

टक टक टक.

तिचा आवाज आपोआप थांबला. एकवीस वर्षांची सवय, तिला ठरवावं लागलं नाही. तिने प्रतीवरची नजर उचलून पडद्याकडे पाहिलं. प्रतीत शून्य दशांश पाच मिलिलिटर होतं. पडद्यावर पाच. शून्य आणि मधला ठिपका गळून पडले होते. तीन किलोच्या बाळाला दहापट औषध.

तिने तिथे खूण केली. मग ती वाट बघत बसली.

टक, आलं.

धाकटी उठली, स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि आधीच घासलेली भांडी घासायला लागली.

"काय झालं?" कोचने विचारलं.

"काही नाही. मशीन नीट चालायला लागलं."

"मग तोंड असं का केलंयस?"

"असंच आहे माझं तोंड. लग्नात नीट बघायला हवं होतंत."

५

त्यानंतरचे दिवस फार चांगले गेले. हे सांगताना तिला स्वतःलाच नवल वाटलं असतं, म्हणून तिने कुणाला सांगितलंच नाही. सकाळी नऊला दार लोटून घ्यायचं आणि वाचायला बसायचं. दिवसाला वीस पानं, पंचवीस पानं. घसा बसला तर मध घ्यायचा. चुका सापडत होत्या आणि एकही सुटत नव्हती. संध्याकाळी ती गुणगुणत बाहेर यायची.

एका सकाळी दारामागून तो ओळखीचा वाचण्याचा सूर ऐकून कोच सवयीने दोन कप चहा घेऊन आत आला. टेबलाशी येऊन थांबला. एक कप तिच्यासमोर ठेवला, दुसऱ्याचं काय करावं हे त्याला क्षणभर कळेना. मग डाव्या खुर्चीमागे उभं राहून त्याने तो स्वतःच पिऊन टाकला.

"तुझा आवाज बरा वाटतो घरात," एवढंच म्हणाला.

धाकटीने स्वतःला एकच नियम घालून घेतला होता. काम चालू असताना डावीकडे बघायचं नाही. बघायला तिथे काही नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. नाही ना काही, मग न बघायला काय जातंय?

आठवड्याने वादळ आली. तिला फोनवर लिहायचा कंटाळा आला होता आणि सगळ्या नातेवाइकांना एकदमच कळवून टाकायचं होतं.

"अगं, पहिला स्कॅन तरी होऊ दे," धाकटी म्हणाली.

"लिहून ठेवते नुसतं. पाठवत नाही. पाठवायला लागले तर तू बघतेच आहेस." तिने खुर्ची ओढली आणि भराभर टाइप केलं. मग आपल्या सवयीने मोठ्याने वाचलं. "आमच्या घरी एक बाळ येणार आहे, आणि सगळं सुखरूप होणार आहे. कसं वाटतं? सुखरूप जरा जड होतं का?"

टक टक टक.

पडदा जिथल्या तिथे थिजला. वादळने दोनदा बटण दाबलं. "हे काय, पुन्हा हँग? नवी डिस्क आहे." तिने आवाज ऐकलाच नव्हता. ती बोलत असताना तिला काही ऐकू येत नसे.

"राहू दे," धाकटी म्हणाली. "आत्ता नको पाठवू."

"तुझा चेहरा का उतरला?"

"ऊन लागलं असेल."

"घरात बसून?"

वादळ हसली, काकूला मिठी मारली आणि गेली. वाक्य पडद्यावर तसंच राहिलं.

६

रात्रभर तिने स्वतःशी वाद घातला. मशीन आहे. मशीन थिजतं. पण थिजण्याआधी तीनदा वाजलं होतं, आणि तीनदा म्हणजे काय हे तिच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं.

थोरली स्वतःच्या मताने कधी चूक म्हणायची नाही. तिचं मत विचारलं तर ती म्हणे, मला मत नाही, मला प्रत आहे. चूक म्हणजे मूळ प्रतीत आहे त्याहून वेगळं छापलेलं, बस. मग या वाक्याची मूळ प्रत कुणाच्या हातात होती?

सकाळी चहा पिताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, जाऊबाईंनी कधी बरोबर शब्दाला चूक म्हटल्याचं आठवतं तुम्हाला?"

"वहिनींनी?" कोच हसला. "आपल्या लग्नपत्रिकेत त्यांनी तीन चुका काढल्या होत्या. तिन्ही खऱ्या. त्यातली एक माझी पदवी होती."

धाकटी आत जाऊन बसली. ते वाक्य उघडलं. चूक कुठल्या शब्दात आहे हे कळत नसेल तर एकेक शब्द सुटा म्हणायचा, ही दोघींची जुनी रीत होती. बघणारी प्रत्येक शब्दाला खूण देते. तिने दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले.

"आमच्या," ती म्हणाली.

टक.

"घरी."

टक.

"एक."

टक टक टक.

एक. एक चूक. एक नाही.

एक नाही म्हणजे काय, हे ती तोंडाने म्हणू शकली नाही. आठ महिन्यांपूर्वी याच घरातून एक माणूस कमी झालं होतं, आणि एकातून एक गेला की काय उरतं ते तिला मोजावं लागत नव्हतं. पुढचा शब्द बाळ होता. त्याच्या पुढचा येणार. ती ओठ मिटून बसली. काही मिनिटं कुणी हात लावला नाही म्हणून पडदा आपोआप काळा झाला.

काळ्या काचेत खिडकी दिसत होती. मैदानाची भिंत दिसत होती. तिचा चष्मा दिसत होता. आणि तिच्या डाव्या बाजूला, बसलेल्या बाईचा हात जिथे येतो तिथे, एक पेन्सिल दिसत होती. उलटी. टेबलापासून दोन बोटं वर, कुणी उचलून धरल्यासारखी. पुढचा शब्द ऐकायला थांबल्यासारखी.

पेन्सिलीच्या वर काय आहे, हे तिने पाहिलं नाही. काचेतही नाही आणि शेजारीही नाही. ती उजवीकडून उठली, भिंतीला घासत दारापर्यंत गेली आणि बाहेर येऊन दाराला कडी घातली.

७

स्कॅनचा गुरुवार दोन आठवड्यांनी आला. तोवर धाकटी रोज आत जाऊन बाळांच्या औषधांची पानं वाचत होती, कारण ते काम टाळण्यासारखं नव्हतं, आणि पानं नेहमीसारखी उलटत होती. ते वाक्य तिने उघडलं नाही. वादळ रोज फोन करून आज काय काय खाल्लं ते सांगायची. धाकटी म्हणायची, छान, आणखी खा.

त्या सकाळी वादळ आणि जावई दवाखान्यात गेले. धाकटी फोन मांडीवर घेऊन बसली. कोचने रोजच्यासारखं स्टॉपवॉच नव्याने चालू केलं आणि तिच्या पायाशी पाटावर बसला.

"दीड तास झाला," तो म्हणाला.

"मोजू नका."

"मोजायचं नाही तर मी काय करू?"

फोन वाजला.

"काकू," वादळ म्हणाली, आणि थांबली.

वादळ थांबली. धाकटीच्या माहितीत ही मुलगी जन्मल्यापासून वाक्याच्या मध्ये कधी थांबली नव्हती. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागे कुणाच्या तरी चपलांचा आवाज.

"बोल बाळा."

"काकू, एक नाहीये गं."

धाकटीने टेबल धरलं. कोच उठून उभा राहिला.

"दोन आहेत," वादळ म्हणाली आणि मोठ्याने रडायला आणि हसायला लागली. "दोन ठोके ऐकू आले. हा तर खुर्चीतच बसला, त्याला पाणी दिलं. काकू? काकू, ऐकतेयस ना? जुळी आहेत."

धाकटी ऐकत होती. तिच्या तोंडातून शब्द फुटायच्या ऐवजी हसू फुटलं आणि ते थांबेना. एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका सुधारून पोट भरलेल्या बाईला, एक चुकलं म्हणजे दोनही असू शकतात, हे सुचलंच नव्हतं. ती हसत पाटावर बसली, मग जमिनीवर बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय झालं ते सांगशील का?" कोच म्हणाला.

तिने दोन बोटं वर केली.

कोचने तिच्या बोटांकडे पाहिलं. मग गळ्यातलं दुसरं स्टॉपवॉच हातात घेतलं आणि तेही चालू केलं.

८

पुस्तक ठरल्या दिवशी छापखान्यात गेलं. दोनशे बारा पानं, एक्केचाळीस चुका सापडलेल्या, सुटलेली एकही नाही. दोन डॉक्टरांनी वेगवेगळं तपासून तसं लिहून दिलं. मालकांचा फोन आला.

"बाई, थोरल्या बाईंची आठवण झाली. त्या असताना असं यायचं काम."

"हो," धाकटी म्हणाली. "आम्ही मोठ्याने वाचतो."

आम्ही का म्हणालात, असं मालकांनी विचारलं नाही. पुढचं काम पाठवतो म्हणाले.

घरात आता सगळं जोडीने येत होतं. कोचने पाळण्यांसाठी दोरखंड आणला, तो पोहण्याच्या तलावातल्या रांगा आखायचा निघाला, त्यावरून वादळने त्याला दोन दिवस छळलं. नावांची भांडणं दुप्पट झाली. बातमी वादळने स्कॅनच्या दिवशीच फोनवरून सगळ्यांना कळवून टाकली होती, त्यामुळे कॉम्प्युटरवरच्या त्या वाक्याची कुणाला गरज उरली नव्हती.

तरी चूक तशीच सोडणं धाकटीला जमेना. एका दुपारी तिने ते उघडलं. एक खोडून दोन केलं आणि पुढचे शब्द त्याला जुळवून घेतले. आमच्या घरी दोन बाळं येणार आहेत, आणि सगळं सुखरूप होणार आहे. खाली मैदानावर मुलं ओरडत होती. तिने घसा खाकरला.

"आमच्या."

टक.

"घरी."

टक.

"दोन."

थोडा वेळ गेला. मग, टक.

तिला हसू आलं. "झालं तुमच्या मनासारखं?" ती डावीकडे न बघता म्हणाली. पुढचा शब्द तिच्या ओठांवर आलाच होता. तेवढ्यात बाहेरून वादळने हाक मारली, काकू, चहा निवतोय, काकांनी सगळी बिस्किटं संपवली, आणि धाकटी उठली.

आता दिवस भरत आले आहेत. कोच रोज सकाळी दोन्ही स्टॉपवॉच चालू करतो. नवं पुस्तक आलं आहे, शंभर पानं झाली, मशीन छान पळतं.

त्या वाक्यातले दोनच्या पुढचे शब्द धाकटीने अजून मोठ्याने वाचलेले नाहीत.